उरलेल्या मुक्कामाचे माप : अब्बासियातील भाड्याचे घर आणि फर्निचरचा खर्च

घरातील लाकूडसामान, गाद्या, पडदे आणि सजावटीच्या वस्तू यांवर किती खर्च करावा, हा प्रश्न कोठेही राहणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाला पडतो; पण कुवेतमधील भारतीय कुटुंबांच्या बाबतीत त्याला एक वेगळेच वळण मिळते, कारण तेथे घर भाड्याचे असते, मुक्काम इकाम्यावर, म्हणजे मुदतीच्या निवास-परवान्यावर, अवलंबून असतो आणि तो परवाना बहुधा एकाच मालकाकडील नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की परवाना जातो, परवाना गेला की घर जाते आणि घर गेले की त्यातील पलंग, कपाट, सोफा यांचे काय करायचे हा प्रश्न काही आठवड्यांत सोडवावा लागतो. त्यामुळे वस्तू स्वस्त की महाग, टिकाऊ की तकलादू, हे ठरवण्याची जी मापे पुण्यात किंवा डोंबिवलीत चालतात, ती येथे जशीच्या तशी चालत नाहीत. येथे खरे माप एकच आहे, ते म्हणजे उरलेला मुक्काम. आणि तो नेमका किती हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे या विषयाचा विचार अंदाज आणि सावधगिरी यांच्या आधारेच करावा लागतो.

अब्बासिया हे नाव सरकारी नकाशात ठळकपणे येत नाही. फरवानिया प्रांतातील जलीब अल-शुयूख या विमानतळालगतच्या दाट वस्तीच्या एका भागाला लोक अब्बासिया म्हणतात. तेथे केरळी कुटुंबांचे प्राबल्य आहे आणि भारतीय शाळा, किराणा दुकाने, खानावळी व दवाखाने हाकेच्या अंतरावर असल्याने मराठी, कोकणी आणि गोव्याकडील कुटुंबेही त्यांच्या आसऱ्याने वसली आहेत. फ्लॅट साधारणपणे रिकामाच भाड्याने मिळतो, म्हणजे भिंती, फरशी, वातानुकूलन आणि नळ एवढेच घरमालकाचे असते. बाकी सर्व भाडेकरूने आणायचे. घर सोडताना ते नेण्याची किंवा विकण्याची जबाबदारीही त्याचीच. कुवेतमध्ये १९७८ च्या ३५ क्रमांकाच्या भाडे कायद्याने भाडेकरूला काही संरक्षण दिले असले, तरी अधिक सोयीची इमारत, शाळेची बस, वाढलेले कुटुंब किंवा घटलेला पगार अशा कारणांनी कुटुंबे फ्लॅट बदलत राहतात आणि प्रत्येक बदलात फर्निचरचे थोडे आयुष्य खर्ची पडते.

या भूमीचा आणि मराठी मुलखाचा वस्तूंच्या निमित्ताने आलेला संबंध तेलाच्या काळाहून फार जुना आहे. कुवेतच्या बूम नावाच्या शिडाच्या जहाजांसाठी साग मलबारहून जाई, ही जहाजे खजूर घेऊन मुंबईस येत आणि परतताना लाकूड, कापड, मसाले नेत. पितळी खिळ्यांच्या नक्षीने मढवलेल्या ज्या लाकडी पेट्या कुवेती नववधूच्या खोलीत मानाने ठेवल्या जात, त्यांतील बऱ्याच भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर घडलेल्या असत. जुन्या कुवेती घरांची छते चंदल म्हणजे पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या खारफुटीच्या वाशांवर पेललेली असत. ॲलन व्हिलियर्स हा ऑस्ट्रेलियन खलाशी-लेखक १९३८-३९ मध्ये एका कुवेती बूमवरून रुफिजी नदीच्या मुखापर्यंत गेला, तेव्हा ते जहाज हेच वासे भरण्यासाठी गेले होते. वाशाची लांबी मर्यादित असल्याने खोल्यांची रुंदीही मर्यादित राही, म्हणजे तेथे सामानाने घराला माप दिले होते. १ एप्रिल १९६१ रोजी दिनार येईपर्यंत बाजारात रुपयाच चालत असे. भाषेतही हे दळणवळण दिसते : मराठीतील खुर्ची ही अरबी कुर्सीची वंशज आहे आणि सोफा हा शब्द अरबी सुफ्फा या बैठकीच्या ओट्यावरून युरोपात जाऊन परत आला आहे. कुवेती बोलीत कपाटाला कबट म्हणतात, तो इंग्रजी शब्दाचा अवतार मानला जातो. संस्कृतातून आलेल्या मराठी कपाटाशी त्याचे साम्य केवळ योगायोगाचे असले, तरी नव्याने आलेल्या मराठी गृहिणीला दुकानात तेवढा एक शब्द तरी आपलासा वाटतो.

पुढचा इतिहास मात्र सामान सोडून जाण्याचा आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले आणि त्यानंतरच्या सुमारे दोन महिन्यांत १,७०,००० हून अधिक भारतीयांना, मुख्यतः जॉर्डनमधील अम्मानमार्गे, विमानाने मायदेशी आणावे लागले. हातातील पिशवीत मावेल तेवढेच बरोबर आले. घरे आणि त्यांतील संसार मागे राहिला. जी कुटुंबे पुढे परतली, त्यांच्या खरेदीत एक हात आखडता राहिला असेल तर ते समजण्यासारखे आहे. त्यात मुदतीच्या परवान्याची भर पडली आणि ‘इथे काय, दोन वर्षे काढायची’ हे वाक्य घरोघरी रूढ झाले. दोन वर्षांची वीस होतात, मुले त्याच फ्लॅटमध्ये शाळा संपवतात, पण पाहुण्यांकडून मिळालेला, एका बाजूने खचलेला पलंग तसाच राहतो. याच काळात रत्नागिरीतील बंगल्यात किंवा ठाणे जिल्ह्यातील फ्लॅटमध्ये मात्र सागवानी दरवाजे, कोरीव दिवाण आणि काचेचे शोकेस तयार होत असतात. म्हणजे कुटुंब जेथे राहते तेथे तात्पुरतेपणा, आणि जेथे राहत नाही तेथे कायमपणा अशी खर्चाची विभागणी होते. या लेखाच्या विवेचनात काटकसर म्हणजे हा तात्पुरतेपणा नव्हे. काटकसर म्हणजे किमतीचा हिशेब वापराच्या दिवसांशी लावणे.

हा हिशेब साधा आहे. वस्तूची खरेदी-किंमत, ती घरी आणण्याचे व जोडण्याचे भाडे आणि मधल्या घरबदलांचा खर्च एकत्र करावा, त्यातून अखेरीस विकताना येणारी रक्कम वजा करावी आणि उरलेल्या आकड्याला वापराच्या वर्षांनी भागावे. जे उत्तर येते ती त्या वस्तूची वार्षिक किंमत होय. समजा, ६० दिनारांचा पलंग २ वर्षे वापरून २० दिनारांना विकला, तर तो वर्षाला २० दिनारांना पडला. १८० दिनारांचा भक्कम पलंग तेवढ्याच काळानंतर ५० दिनारांना गेला, तर तो वर्षाला ६५ दिनारांना पडतो. आणि त्याचे शेवटी काहीच मिळणार नसेल, तर ६० च्या पलंगाची बरोबरी करण्यासाठी तो ९ वर्षे वापरावा लागतो. ‘महाग वस्तू टिकते, म्हणून ती स्वस्त पडते’ हे वडीलधाऱ्यांचे म्हणणे म्हणूनच अर्धेच खरे आहे : ती टिकते हे खरे, पण तिच्याबरोबर कुटुंब तेथे टिकले पाहिजे. उलट ज्या घरात दोघांची नोकरी स्थिर आहे आणि मुलाच्या शाळेची ८-१० वर्षे बाकी आहेत, तेथे दर तीन वर्षांनी स्वस्त सामान बदलत राहणे ही उधळपट्टी ठरते. जानेवारी २०२४ मध्ये कुटुंब-व्हिसा पुन्हा सुरू झाला, तेव्हा पगाराची अट ८०० दिनारांवर नेण्यात आली होती. असे नियम वरचेवर बदलत असल्याने नव्याने आलेल्या कुटुंबाने पहिल्या वर्षी जड खरेदी टाळणे शहाणपणाचे.

महाराष्ट्रातून येणाऱ्या कुटुंबाची आणखी एक सवय येथे आड येते. तिकडे आजही अनेक घरांत सुतार येतो, जागेचे माप घेतो, प्लायवूड व सनमायका निवडला जातो आणि भिंतीला भिंत होईल असे कपाट उभे राहते. त्याच्या जोडीला लोखंडी कपाट असते, ज्याची परंपरा गोदरेजने १९२३ मध्ये सुरू केलेल्या पोलादी कपाटांपर्यंत जाते. या दोन्ही वस्तू एका घरात पिढीभर राहण्यासाठी असतात. अब्बासियात मिळणारे बहुतेक फर्निचर तयार आणि सुटे करून बांधता येण्याजोगे, म्हणजे सपाट खोक्यात येणारे, असते. ही पद्धत १९५० च्या दशकात आयकिया या स्वीडिश कंपनीने वाहतुकीची जागा वाचवण्यासाठी रूढ केली, आणि आता तिचा अंगीकार जवळपास सर्वच उत्पादकांनी केला आहे. तिच्यात मापाने करून घेण्याऐवजी मापात बसणारे शोधावे लागते, म्हणून दुकानात जाण्यापूर्वी खोलीचेच नव्हे, तर लिफ्टच्या दाराचे, जिन्याच्या वळणाचे आणि फ्लॅटच्या चौकटीचेही माप टेपने घेऊन लिहून ठेवावे लागते. वस्तूच्या लांबी-रुंदीएवढी वर्तमानपत्रे फरशीवर पसरून दोन दिवस त्यांना वळसा घालून वावरले, तर सोफा घेतल्यावर चालायला जागा किती उरेल हे कोणत्याही चित्रापेक्षा नीट कळते.

सपाट खोक्यातील फर्निचर प्रामुख्याने पार्टिकल बोर्डचे असते. लाकडाचा भुगा व चिपा गोंदात दाबून केलेला हा तक्ता आहे. एमडीएफ हा त्याहून बारीक तंतूंचा व गुळगुळीत तक्ता, तर प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांना आडवे-उभे चिकटवून केलेला, त्यामुळे वाकण्यास अधिक विरोध करणारा तक्ता. दुकानदार तिन्हींना ‘वूड’ म्हणतो. ग्राहकाने मागची बाजू, कपाटाचा तळ आणि कड न चिकटवलेली एखादी फट पाहिली की फरक दिसतो. पार्टिकल बोर्डचा मुख्य शत्रू पाणी आहे. ओल्या पोछ्याने रोज पुसल्या जाणाऱ्या फरशीवर टेकलेली त्याची कड फुगते आणि मग ती पूर्ववत होत नाही, म्हणून जमिनीपासून दोन-चार बोटे उंच पायांवर उभे असलेले कपाट निवडावे. दुसरी गोष्ट फळीच्या लांबीची. भार सर्वत्र सारखा पसरला असता फळीचा झोल तिच्या लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो आणि जाडीच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात घटतो, असे स्थापत्यशास्त्र सांगते. याचा व्यवहारी अर्थ असा की ८० सेंटीमीटर लांबीच्या फळीऐवजी ६० सेंटीमीटरची घेतली, तर तेवढ्याच जाडीत झोल एक तृतीयांशाहूनही कमी होतो. पुस्तकांसाठी किंवा डाळ-तांदळाच्या डब्यांसाठी रुंद आणि देखण्या मांडणीपेक्षा अरुंद कप्प्यांची मांडणी म्हणूनच अधिक वर्षे सरळ राहते.

या तक्त्यांतील गोंदातून फॉर्मल्डिहाइड हा वायू हळूहळू बाहेर पडतो. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये त्याला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत गणले. युरोपीय वर्गीकरणात ‘ई १’ ही खूण कमी उत्सर्जनाची असते, ती वस्तूच्या कागदांवर आहे का हे विचारता येते. उष्णता वाढली की उत्सर्जनही वाढते. कुवेतमध्ये मित्रिबाह येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली आहे, आणि उन्हाळी सुटीत कुटुंब गावी गेले असताना वातानुकूलन बंद असलेल्या फ्लॅटची काय अवस्था होत असेल याची त्यावरून कल्पना येते. परतल्यावर खिडक्या उघडून हवा खेळती करणे ही साधी काळजी लहान मुलांच्या घरात तरी घ्यावीच. अस्सल लाकडाची अडचण याच्या उलट आहे. लाकूड भोवतालच्या हवेप्रमाणे ओलावा घेते व सोडते. कोकणातील पावसाळी हवेत वजनाच्या सुमारे १६ टक्के ओलावा धरून असलेले लाकूड वातानुकूलित, कोरड्या खोलीत आले की त्याचा ओलावा ५-६ टक्क्यांवर उतरू शकतो आणि ते आकसते, सांधे सैल होतात, रुंद फळीला चीर जाते. आजीचा शिसवी चौरंग किंवा पाट प्रेमापोटी कुवेतला नेणाऱ्यांना हे दुःख सोसावे लागते. साग तुलनेने कमी हालतो. नेलेच तर सागाचे, लहान आणि फळी अरुंद असलेले न्यावे, आणि ते वातानुकूलनाच्या झोतापासून दूर ठेवावे.

खरेदीची ठिकाणे ढोबळमानाने तीन थरांत विभागतात. वरच्या थरात अल-राई भागातील मोठी दालने आणि तेथील द ॲव्हेन्यूज हा २००७ मध्ये सुरू झालेला प्रचंड मॉल येतो, जेथे आयकियाचेही दालन आहे. किंमत लिहिलेली, घासाघीस नाही, पण पावती आणि बदलून मिळण्याची सोय असते. मधल्या थरात अब्बासिया, फरवानिया व आसपासची छोटी दुकाने, जी पलंग-कपाट-आरसा असा ‘बेडरूम सेट’ एकत्र देतात आणि पोहोचवून जोडूनही देतात. तिसरा थर सूक अल-जुमा या शुक्रवारच्या बाजाराचा. अल-राईमधील या विस्तीर्ण बाजारात गालिचे, कपडे, भांडी यांच्या बरोबरीने वापरलेले फर्निचर मिळते, आणि दारातच हाफ लॉरी, म्हणजे सामान वाहणारी छोटी पिकअप गाडी, उभी असते. तेथे वस्तूची किंमत ठरवण्याआधी गाडीचे आणि चढवण्या-उतरवण्याचे भाडे ठरवावे. स्वस्त मिळालेले कपाट तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचेस्तोवर नव्याच्या जवळ जाते. किमतीच्या दृष्टीने फेब्रुवारी महत्त्वाचा, कारण २५ तारखेचा राष्ट्रीय दिन आणि २६ चा मुक्तिदिन यांच्या निमित्ताने सवलती लागतात, आणि १९९९ पासून ‘हला फेब्रुवारी’ या उत्सवाने त्या महिन्याला खरेदीचा हंगामच करून टाकले आहे. रमजानमध्येही सवलती असतात. सवलतीच्या फलकापेक्षा महिनाभर आधीची किंमत टिपून ठेवलेली चिठ्ठी अधिक खरे बोलते. दोष निघाल्यास दाद मागता येण्यासाठी कुवेतमध्ये २०१४ चा ३९ क्रमांकाचा ग्राहक संरक्षण कायदा आहे. मात्र त्याचा उपयोग ज्याच्याजवळ पावती आहे त्यालाच.

या तिन्ही थरांपलीकडे एक चौथा बाजार आहे आणि मर्यादित पैशांत संसार उभा करणाऱ्याला तो सर्वांत उपयोगी ठरतो : कायमचे मायदेशी निघालेल्या कुटुंबाचे सामान. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की विकणाऱ्याला वस्तूचा दोष ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला नसतो, म्हणून घेणारा भाव पाडून मागतो आणि चांगल्या वस्तूचा मालक बाजारातून निघून जातो. या विचारासाठी पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. देश सोडणारे कुटुंब हा या नियमाला मोठा अपवाद आहे, कारण त्याच्या विक्रीचे कारण वस्तूतील दोष हे नसून विमानाचे तिकीट हे असते. शिवाय वस्तू त्यांच्याच घरात, वापरात असताना पाहता येते, कोणत्या खणाचा खिळा निघाला आहे हे तीच गृहिणी मोकळेपणाने सांगते, आणि कधी पोळपाट-लाटणे, मिक्सर आणि तुळशीची कुंडीही त्याच व्यवहारात येते. भारतीय शाळांचे वर्ष मार्चमध्ये संपते आणि उन्हाळी सुटी जूनमध्ये लागते, त्यामुळे जाणाऱ्यांचा ओघ या दोन वेळी अधिक असतो. नव्याने येणाऱ्याने चटईवर काही आठवडे काढून या वेळेची वाट पाहिली, तर त्याचा खर्च बराच कमी होतो. भावात घासाघीस करताना समोरचे माणूस निघण्याच्या घाईत आहे याचा फार फायदा उठवू नये, कारण काही वर्षांनी घेणाऱ्याचीही हीच पाळी येणार असते.

वापरलेल्या सामानाची खरी भीती ढेकणांची. दाट वस्तीच्या इमारतीत ते एका फ्लॅटमधून दुसऱ्यात सहज जातात. पलंगाच्या सांध्यांत, खिळ्यांच्या भोकांत आणि गादीच्या शिवणीत विजेरी मारून काळे ठिपके, कात आणि अंडी पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. सुमारे ५० अंशांच्या उष्णतेत प्रौढ ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात, म्हणून उन्हाळ्यात सुटे केलेले लोखंडी वा लाकडी भाग गच्चीवर तापवण्याची युक्ती उपयोगी पडते. गादीच्या पोटात मात्र ती उष्णता पोहोचत नाही. यावरून एक सरळ नियम निघतो : चौकट जुनी चालेल, गादी जुनी घेऊ नये. दुसरा नियम जोडणीचा. पार्टिकल बोर्डातील फिरकीचे खटके एक-दोनदा खोलून जोडले की त्यांची भोके सैल होतात, त्यामुळे दोन घरे बदललेले असे कपाट तिसऱ्या वेळी डुगडुगते. नटबोल्टने जोडलेला लोखंडी पलंग किंवा पोलादी मांडणी कितीही वेळा खोलली तरी तशीच उभी राहते. वारंवार घर बदलावे लागणाऱ्या कुटुंबाला देखणेपणात उणा असला तरी लोखंडी पलंगच अधिक मानवतो.

पैसे मोजके असता ते आधी कोठे घालावेत, यावर मतभेदाला जागा आहे, पण शरीर ज्या वस्तूला दिवसातून अधिक तास टेकते तिला पहिला मान, हे तत्त्व स्वीकारण्याजोगे आहे. ती वस्तू गादी होय. फोमची गादी घेताना तिची घनता, म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन किती किलो, हे विचारावे. बैठकीसाठी साधारण ३२ ते ४० च्या दरम्यानचा फोम बरी साथ देतो, २५ च्या खालचा लवकर बसतो, आणि हाताने दाबून पाहिल्याने मऊपणा कळतो, घनता नव्हे. दुसरा मान अभ्यासाच्या टेबलखुर्चीचा. ६ एप्रिल २०२० पासून ९ जुलै २०२० पर्यंत जलीब अल-शुयूखचा संपूर्ण भाग करोनामुळे बंद ठेवण्यात आला होता आणि त्या दिवसांत शाळा, कचेरी, स्वयंपाक व झोप ही सर्व एका-दोन खोल्यांत आली. ज्या घरात मोठा सोफा होता पण टेबल नव्हते, तेथे मुलांना पलंगावर वाकून पडद्याकडे बघत शिकावे लागले. टेबलाची उंची ७२ ते ७५ सेंटीमीटर आणि खुर्चीच्या बैठकीची ४३ ते ४५ सेंटीमीटर प्रौढाला मानवते. लहान मुलाचे पाय लोंबत असतील तर खाली एक पाट किंवा खोके ठेवले की वेगळी खुर्ची घ्यावी लागत नाही. सोफा या क्रमात बराच मागे येतो. भारतीय बैठकीची, म्हणजे भिंतीलगतच्या गाद्या, लोड आणि तक्के यांची, पद्धत मराठी घराला नवी नाही, आणि कुवेती दिवाणियातही, म्हणजे पुरुषांच्या पारंपरिक बैठकीच्या खोलीतही, माणसे तशीच भिंतीला टेकून बसत आली आहेत; कमी पैशांत अधिक माणसे बसवणारी यापेक्षा चांगली रचना नाही.

स्वस्ताईची एक सीमा मात्र काटेकोर असावी, ती आगीची. १२ जून २०२४ रोजी मंगफ येथील कामगारांच्या इमारतीला लागलेल्या आगीत जवळपास ५० जण दगावले, त्यांतील बहुतेक भारतीय होते. खोल्यांमधील आडोशांसाठी वापरलेले ज्वलनशील साहित्य हे आग झपाट्याने पसरण्याचे एक कारण अधिकाऱ्यांनी सांगितले. त्याच वर्षी जुलैत अब्बासियातील एका फ्लॅटमधील आगीत एका केरळी कुटुंबातील चौघे धुराने गेले. पॉलियुरेथेन फोम पेटला की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असे जीवघेणे वायू निघतात. ब्रिटनने १९८८ मध्ये घरगुती फर्निचरच्या ज्वलनशीलतेवर जे कठोर नियम केले, ते याच फोममुळे. भाडे वाटून घेण्यासाठी हॉलमध्ये प्लायवूड किंवा पुठ्ठ्याचा आडोसा उभारणे, दाराच्या वाटेत जोड्यांचे कपाट आणि जुनी गादी ठेवणे, एसीच्या प्लगमागे पडदा सोडणे या गोष्टी पैसे वाचवणाऱ्या वाटतात, पण बाहेर पडण्याची एकमेव वाट त्या अडवतात. भारतातून आणलेले गोल पिनांचे दिवे व माळा कुवेतच्या तीन चौकोनी पिनांच्या खोबणीत काडी खुपसून बसवणेही तसेच. दाराची वाट मोकळी ठेवून जे बसेल तेवढेच फर्निचर त्या फ्लॅटचे.

सजावटीबद्दल कमी बोलणे पुरे, कारण तेथे चूक झाली तरी ती स्वस्तात निभावते. धुळीची वादळे येणाऱ्या देशात जाड गालिचा आणि झालरींचे पडदे हे दमेकऱ्याच्या घरी त्रासाचे ठरतात. धुता येणारी सतरंजी आणि पश्चिमेच्या खिडकीला फिक्या अस्तराचा जाड पडदा या दोन वस्तू शोभा आणि गारवा दोन्ही देतात. एक जुना इशारा येथे आठवावा : फ्रेंच विचारवंत देनी दिदरो याने १७६९ च्या एका निबंधात नवा झगा मिळाल्यावर त्याच्यापुढे घरातील एकेक वस्तू जुनाट वाटून ती कशी बदलावी लागली हे लिहिले, आणि ग्रँट मॅक्रॅकन या अभ्यासकाने १९८८ मध्ये या साखळीला दिदरो परिणाम असे नाव दिले. नवा सोफा आला की पडदे, पडदे आले की गालिचा, ही ती साखळी. हप्त्यांवर घेतलेल्या सामानात ती अधिक धोक्याची, कारण थकलेल्या देण्यापायी कुवेतमध्ये प्रवासबंदी लागू शकते. अब्बासियातील मराठी घर मात्र यांपैकी कशाने नव्हे, तर भिंतीवरच्या छोट्या देवघराने, दारावरच्या तोरणाने, उंबऱ्याच्या आतल्या बाजूस काढलेल्या रांगोळीने आणि गणपतीच्या दिवसांत पुठ्ठा, कापड व कागदी फुलांच्या मखराने ओळखू येते. यांचा खर्च थोडा आणि हातचे काम अधिक असते.

शेवटी निघण्याचा दिवस येतोच. समुद्रमार्गे माल पाठवताना भाडे बहुधा आकारमानावर, घनमीटरवर, आकारले जाते, आणि सोफ्याच्या आकारमानात हवाच अधिक असल्याने तो नेणे परवडत नाही; तांब्या-पितळेची भांडी, पुस्तके आणि देवघरातील मूर्ती थोड्या जागेत मावतात. बाकीचे सामान त्या चौथ्या बाजारात जाते. गावी पोहोचल्यावर चादरीखाली झाकून ठेवलेला दिवाणखाना उघडला जातो, तेव्हा दमट हवेने फोमचा भुगा झालेला आणि सनमायकाची कड उचकटलेली दिसते. वर्षाकाठी ३० दिवसांची सुटी धरली, तर १५ वर्षांत त्या सोफ्यावर कुटुंब फार तर ४५० दिवस बसले. त्याच १५ वर्षांत अब्बासियातील त्या खचलेल्या पलंगावर त्यांनी सुमारे ५,००० रात्री काढल्या.